गावातलं काम कोण ठरवतं आणि आपण नेमकं कधी बोलायचं

गावात सिमेंटचा रस्ता झाला, गटार झालं, पाण्याची टाकी उभी राहिली की आपण म्हणतो सरकारने केलं, नाहीतर अमक्या भाऊंनी आणलं. लोकसहभाग हा शब्द भूमिपूजनाच्या भाषणात हमखास येतो, नारळ फुटतो, फोटो ग्रुपवर पडतात, आणि दुसऱ्या पावसाळ्यात रस्त्याची खडी वर आली की सगळं गाव चिडतं, पण तोवर ठेकेदाराचं बिल निघालेलं असतं आणि कागदावर काम पूर्ण झालेलं असतं. लोक बोलत नाहीत असं अजिबात नाही. पारावर, टपरीवर, एसटीत सगळीकडे हाच विषय चालतो. अडचण एवढीच की आपण बोलतो ते बोलायची वेळ निघून गेल्यावर. म्हणून हा लेख मुख्यतः वेळेबद्दल आहे, म्हणजे एखादं काम कागदावर जन्माला आल्यापासून बिल निघेपर्यंत कुठल्या टप्प्याला गावकऱ्याच्या शब्दाला खरंच वजन असतं ते सांगण्यासाठी.

आधी कामाचा प्रवास बघू. ग्रामसभेत ठराव होतो, मग ते काम ग्रामपंचायतीच्या वार्षिक विकास आराखड्यात जातं, मग शाखा अभियंता किंवा ज्युनिअर इंजिनिअर साहेब जागेवर येऊन मोजमाप घेतात आणि अंदाजपत्रक बनवतात, ज्याला सगळे एस्टिमेटच म्हणतात. त्याला तांत्रिक मान्यता मिळते, प्रशासकीय मान्यता मिळते, रक्कम मोठी असेल तर टेंडर निघतं, कार्यारंभ आदेश म्हणजे वर्क ऑर्डर मिळते, काम होतं, झालेल्या कामाची मापं मोजमाप पुस्तिकेत चढतात (ऑफिसात तिला एमबी म्हणतात) आणि त्या एमबीवर बिल निघतं. आता यात गावाचा शब्द सगळ्यात जास्त कुठे चालतो? सुरुवातीला. आराखड्याची यादी बनत असते तेव्हा आणि इंजिनिअर जागेवर टेप धरून उभा असतो तेव्हा. एकदा मान्यता झाली की जागा बदला, रुंदी वाढवा, गटार पलीकडच्या बाजूने न्या असलं काहीही सांगितलं तर उत्तर एकच मिळतं, एस्टिमेटमध्ये नाही. आणि ते उत्तर चूकही नसतं, कारण मंजूर कागदाच्या बाहेर खर्च केला तर ऑडिटला इंजिनिअरलाच उत्तर द्यावं लागतं.

ग्रामसभेचा अधिकार ही कुणाची मेहेरबानी नाही. 1992 ची 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली आणि ग्रामसभेला थेट राज्यघटनेत जागा मिळाली. आपल्या महाराष्ट्रात 1958 चा ग्रामपंचायत कायदा आहे, त्यानुसार वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, साधारणपणे त्या 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या आसपास होतात. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, आहे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 मतदार, यातला जो आकडा कमी तो. आता इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कोरम भरला नाही तर सभा तहकूब होते आणि तीच सभा नंतर पुन्हा घेतली की तिला कोरमची अट नसते. म्हणजे आपण शंभर जण घरी बसलो म्हणून ठराव थांबत नाही, तो पुढच्या तारखेला वीस जणांत होतो, आणि त्या वीस जणांची आळी कुठली यावर बऱ्याचदा रस्ता कुठल्या आळीत होणार ते ठरतं. जे वीस जण आले त्यांना दोष देता येत नाही, ते आले, आपण गेलो नाही.

मग पैसा कुठला? ग्रामपंचायतीकडे स्वतःची घरपट्टी-पाणीपट्टी असते, पण मोठी कामं बहुतेक वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून येणाऱ्या, निधीतून होतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात, 2021-22 पासून पुढे, या निधीचा 60 टक्के भाग बंधित होता, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्च करायचा, 30 टक्के पिण्याचं पाणी आणि पाणी साठवण-पुनर्वापरावर, 30 टक्के स्वच्छतेवर, आणि उरलेला 40 टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे. त्यामुळे ग्रामसभेत कुणी उठून म्हटलं की सगळे पैसे रस्त्यालाच लावा तर ते होत नव्हतं, आणि हे लोकांना कुणी सांगितलेलंच नसायचं म्हणून सरपंच पैसे दाबून बसलाय असा समज व्हायचा, भांडणं व्हायची. सभेत पहिला प्रश्न हाच विचारावा की यंदा बंधित किती, अबंधित किती, मागच्या वर्षीचे शिल्लक किती. हे आकडे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर मोबाईलवर बघता येतात, गावाचं नाव टाकलं की आराखड्यातली कामं आणि खर्च दोन्ही येतं.

आराखड्याबद्दल थोडं अजून. महाराष्ट्रात 2015-16 पासून "आमचं गाव, आमचा विकास" नावाने ही पद्धत सुरू झाली. आराखडा ऑफिसात बसून करायचा नाही, त्याआधी शिवार फेरी काढायची, वस्त्या फिरायच्या, महिलांची वेगळी सभा घ्यायची, मग यादी ग्रामसभेपुढे ठेवायची, अशी मूळ कल्पना. ज्या गावात फेरी खरोखर निघते तिथे यादीच बदलून जाते, हे कुणीही एकदा करून बघावं. चावडीत बसून यादी केली तर त्यात कमान येते, सभामंडप येतो, मुख्य रस्त्याला पेव्हर ब्लॉक येतात. पायी फिरलात तर दिसतं की दलित वस्तीकडे जायच्या वाटेवर ओढ्याला मोरी नाही आणि पावसाळ्यात पोरं गुडघाभर पाण्यातून शाळेत जातात, अंगणवाडीच्या मागे सांडपाणी तुंबलंय, स्मशानभूमीला पत्र्याचं शेड आहे पण तिथवर जायला वाट नाही.

बायकांच्या सभेचंही तसंच. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असा नियमच आहे, बऱ्याच ठिकाणी ती फक्त रजिस्टरवर होते, सह्या घरोघरी जाऊन घेतल्या जातात. नुकसान सगळ्या गावाचं होतं कारण पाण्याच्या कामात खरी माहिती बायकांकडेच असते. नळाला कुठल्या आळीत किती वाजता पाणी येतं, किती हंडे भरल्यावर धार बारीक होते, शेवटच्या घरापर्यंत पोचतं का, चढावरच्या चार घरांना कधीच का येत नाही, हे इंजिनिअरच्या नकाशात नसतं. टाकीची जागा ठरवताना सरकारी जागा कुठे मोकळी आहे एवढंच बघितलं आणि टाकी पुरेशी उंचावर नसली तर वरची आळी पुढची तीस वर्षं टँकरवर राहते. हे एस्टिमेटच्या आधी एका बाईने सांगितलं तर फुकटात दुरुस्त होतं, नंतर सांगितलं तर नवी योजना लागते.

आता मुख्य कागदाकडे येऊ, एस्टिमेट. लोकांना वाटतं हे इंजिनिअर लोकांचं काम, आपल्याला काय कळणार. पण त्यातलं निम्मं गणित सातवीच्या पोराला येतं, लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी. समजा तुमच्या आळीत 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर जाडीचा काँक्रिट रस्ता मंजूर आहे. 100 गुणिले 3 गुणिले 0.15, म्हणजे 45 घनमीटर काँक्रिट. जागेवर जाडी 15 ऐवजी 12 सेंटिमीटर पडली तर किती लागतं? 36 घनमीटर. वरून बघितलं तर रस्ता अगदी तसाच दिसतो, तेवढाच लांब, तेवढाच रुंद, नवा कोरा, पण पाचवा हिस्सा माल गेला. एम-20 ग्रेडचं (ग्रेड म्हणजे काँक्रिटच्या ताकदीची प्रत) काँक्रिट साइटवर ठरलेल्या प्रमाणात मिसळून केलं तर एका घनमीटरला 50 किलोच्या साधारण आठ गोण्या सिमेंट लागतं, म्हणजे 45 घनमीटरला 360 गोण्या, आणि 36 ला 288. रिकाम्या गोण्या मोजणं हे काम तर कुणीही करू शकतं, आळीतले रिटायर झालेले गुरुजी करू शकतात, दहावीची सुट्टी लागलेली मुलं करू शकतात. माल रेडीमिक्सच्या गाडीने येत असेल तर प्रत्येक गाडीबरोबर चलान असतं, त्यावर घनमीटर लिहिलेलं असतं, गाडी साधारण 6 घनमीटरची असेल तर आठेक खेपा व्हायला पाहिजेत, पाचच झाल्या तर विचारा.

जाडी मोजायची कधी? काँक्रिट पडायच्या आधी. दोन्ही बाजूंना लोखंडी चॅनेल किंवा फळ्या लावतात त्यांची उंची टेपने मोजा, आणि मधे दोरी ताणून खालच्या बेडपासून, म्हणजे काँक्रिटखालच्या तयार थरापासून, दोरीपर्यंतचं अंतर तीन-चार ठिकाणी मोजा, कारण कडेला जाडी बरोबर असते आणि मधे बेड उंच ठेवलेला असतो तिथे काँक्रिट पातळ पडतं. फोटो काढा, टेपचा आकडा दिसेल असा, त्यात आजूबाजूचं एखादं घर पण येऊ द्या म्हणजे जागा ओळखता येईल. एकदा काँक्रिट पडलं की जाडी बघायला मशीनने कोअर, म्हणजे काँक्रिटचा आरपार गोल तुकडा, काढावा लागतो, ते आपल्या हातात नाही.

मग पाणी मारणं. काँक्रिट वाळून घट्ट होत नाही, ते पाण्याबरोबर सिमेंटची रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं, म्हणून रस्त्याला निदान 14 दिवस ओलावा पाहिजे, गोणपाट टाकून किंवा मातीचे छोटे वाफे करून त्यात पाणी साठवून. एप्रिल-मे महिन्यात चार दिवस पाणी मारलं आणि सोडून दिलं तर वरचा थर पुढच्या वर्षी पीठ होऊन उडणार. आणि इथे गावाचा सहभाग म्हणजे नुसती पाळत ठेवणं नाही बरं का. पाण्याची टंचाई असेल तर आळीने ठरवून आपापल्या दारापुढे संध्याकाळी पाणी मारायचं, ट्रॅक्टर लवकर घालायचा नाही, पोरांनी गाड्या फिरवायच्या नाहीत. मला मनापासून वाटतं की गावातले अर्धे रस्ते फक्त या दोन आठवड्यांच्या दुर्लक्षामुळे जातात, आणि त्याला ठेकेदार जेवढा जबाबदार तेवढे दुसऱ्या दिवशीच त्यावरून बाईक नेणारे आपणही.

काँक्रिटचे ठोकळे भरतात तेही बघा, 15 सेंटिमीटरचे चौकोनी साचे असतात, त्यातले काही 7 दिवसांनी आणि काही 28 दिवसांनी लॅबमध्ये दाबून ताकद तपासतात. ठोकळे तुमच्या रस्त्यावरच्याच मालाचे भरले का एवढं समोर उभं राहून बघितलं तरी खूप झालं.

एस्टिमेट मिळवायचं कसं, तर आधी साधं मागा. ग्रामसेवकाकडे (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय) लेखी अर्ज द्या, झेरॉक्स द्या म्हणावं. बऱ्याच ठिकाणी मिळतं. नाही मिळालं तर 2005 चा माहिती अधिकार कायदा आहे, 10 रुपयांचा स्टँप लावून अर्ज, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तीही फी नाही, 30 दिवसांत उत्तर. अर्जात "रस्त्याची सर्व माहिती द्यावी" असं मोघम लिहू नका, कामाचं नाव लिहून अंदाजपत्रक, वर्क ऑर्डर, एमबीची प्रत आणि टेस्ट रिपोर्ट अशी नावं घेऊन मागा. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, याच कायद्यात कामाची प्रत्यक्ष पाहणी करायचा आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना घ्यायचा अधिकारही आहे. पण खरं सांगू का, जिथे काम सुरू व्हायच्या आधी एस्टिमेटचा मुख्य भाग, म्हणजे लांबी, रुंदी, जाडी, ग्रेड, रक्कम आणि ठेकेदाराचं नाव, साध्या मराठीत चावडीवर लिहून लावतात तिथे माहिती अधिकाराची गरजच पडत नाही आणि सरपंचाचीही डोकेदुखी निम्मी होते. चांगल्या सरपंचाला याचा फायदाच आहे, कारण वरून येणारा दबाव त्याला एकट्याने झेलावा लागत नाही, गाव बघतंय असं तो सरळ सांगू शकतो.

पाणी योजनांमध्ये सहभाग पैशातूनही येतो. 15 ऑगस्ट 2019 ला जलजीवन मिशन जाहीर झालं, माणशी रोज 55 लिटर पाणी घरात नळाने हे त्याचं उद्दिष्ट. त्यात गावातल्या अंतर्गत कामांच्या खर्चाच्या 10 टक्के लोकवर्गणी अपेक्षित धरली, डोंगराळ-जंगली भागात आणि अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या निम्म्याहून जास्त असलेल्या गावात 5 टक्के, आणि ती श्रमदानाने किंवा मालाच्या रूपातही देता येते. गावात पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, तिच्यात निम्म्या महिला हव्यात. वर्गणी कशाला असं लोक विचारतात, सरकारकडे पैसे नाहीत का. कारण असं आहे की योजना बांधून झाल्यावर तिचं लाईट बिल, पंपाची दुरुस्ती, नळ सोडणाऱ्या माणसाचा पगार हे दर महिन्याला गावालाच भरायचं असतं आणि ज्या योजनेत आपला एक रुपयाही नाही तिची पाणीपट्टी द्यायला कुणाचाच हात उचलत नाही, मग वीज तुटते आणि कोट्यवधीची टाकी कोरडी उभी राहते. तरी एक गोष्ट मला खटकते ती सांगतोच, वर्गणी बऱ्याचदा ठेकेदार भरून टाकतो आणि गावाला फुकटात झालं म्हणून आनंद होतो. ते फुकट नसतं, ते पाईपाच्या खोलीतून वसूल होतं. एस्टिमेटमध्ये चर जेवढा खोल लिहिलाय तेवढा खणला नाही की पाईप वरच राहतो, पुढच्या वर्षी नांगराने किंवा जेसीबीने फुटतो.

हे सगळं जमतं का? जमलेली गावं आहेत आणि ती आपल्याच राज्यात आहेत. हिवरे बाजारला वर्षाला 400 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, 1989-90 च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि पाणलोटाची कामं श्रमदानाने उभी राहिली हे सगळ्यांना माहीत आहे. पण बंधारे तर हजारो गावांत झाले. हिवरे बाजारचं वेगळेपण बंधारा झाल्यानंतर सुरू होतं, दरवर्षी पडलेला पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा, पिण्याला किती, जनावराला किती, शेतीला किती, आणि त्यावरून यंदा कुठली पिकं घ्यायची ते ठरवायचं, शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही. बांधलेली वस्तू कशी वापरायची याचा नियम गावाने स्वतः केला आणि तो पाळला, म्हणून ती टिकली.

दुसरं गाव गडचिरोलीतलं मेंढा-लेखा. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात, आणि त्याआधी अभ्यासगट बसतो. गावातलेच देवाजी तोफा आणि त्यांच्याबरोबर काम केलेले मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही पद्धत रुजवली. विषय काय, कायदा काय म्हणतो, फायदा-तोटा काय हे आधी समजून घ्यायचं आणि मग सभेत बोलायचं. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत हे गाव होतं ते याच तयारीमुळे. मला हिवरे बाजारपेक्षाही मेंढ्याची गोष्ट जास्त उपयोगाची वाटते, कारण श्रमदानाला मोठा नेता लागतो असं लोक म्हणतात, पण पाच-सात जणांनी आठवड्यातून एकदा शाळेच्या व्हरांड्यात बसून एस्टिमेट वाचायला कुणीच लागत नाही. आदिवासी भागात तर तिथल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा आणि राज्याचे 2014 चे नियम यामुळे पाड्याला स्वतःची ग्रामसभा घेता येते, आणि आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के निधी थेट त्या भागातल्या गावांकडे येतो, त्याचं काय करायचं ते ग्रामसभेने ठरवायचं.

रस्त्याच्या जमिनीबद्दल दोन शब्द, कारण सगळ्यात कडू भांडणं इथेच होतात. पंतप्रधान ग्रामसडक योजना 2000 साली आली, त्यात जमीन विकत घ्यायला पैसे नाहीत, शेतकऱ्यांनी कडेची पट्टी सोडायची असते. म्हणून डिझाइनच्या आधी गावकऱ्यांना घेऊन रस्त्याच्या सगळ्या लांबीवर पायी फिरायचं आणि आखणी ठरवायची असा टप्पाच त्या योजनेत ठेवला आहे. ही फेरी झाली नाही, किंवा झाली पण ज्याचं एक एकरच रान आहे त्याला बोलावलंच नाही, तर काम निम्म्यावर अडतं आणि मग सगळं गाव त्या एका माणसाला शिव्या देतं. त्याला आधी विचारलं असतं तर वळण दोन मीटर पलीकडे घेता आलं असतं. सहभागाच्या नावाखाली गरिबाकडून जमीन काढून घ्यायची नाही, नाही म्हणायचा त्याचाही हक्क आहे.

शहरात राहणाऱ्यांना वाटेल हे आपल्यासाठी नाही. पुणे महापालिकेत 2006-07 च्या बजेटपासून नागरिकांना आपल्या भागातली छोटी कामं सुचवता येतात, फुटपाथ, दिवे, बसथांबा, स्वच्छतागृह असली. फॉर्म भरायची मुदत पावसाळ्याच्या आसपास येते, बजेट मात्र पुढच्या वर्षीचं असतं, त्यामुळे मार्चमध्ये बजेटची बातमी वाचून जागं होण्यात अर्थ नाही.

गावातही कॅलेंडर तसंच आहे. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची मोहीम 2 ऑक्टोबरपासून सुरू होते आणि जानेवारीपर्यंत यादी पक्की होते. म्हणून सप्टेंबरमध्येच आळीतल्या पाच-सात जणांनी, त्यात निदान निम्म्या बायका घेऊन, एक फेरी मारा, तीन कामं निवडा, तीस नको, आणि प्रत्येक कामाची जागा, अंदाजे लांबी, किती घरांना उपयोग आणि आत्ता काय त्रास होतो एवढं एका कागदावर लिहून सह्यांसकट ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्या. सभेत तो विषय वाचला जातोय आणि प्रोसिडिंग बुकात (सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत) तुमच्यासमोर लिहिला जातोय याची खात्री करून मगच उठा. आणि अंदाजपत्रक करायला इंजिनिअर कधी येणार ती तारीख त्याच सभेत विचारून ठेवा, त्या दिवशी आळीतलं कुणीतरी टेपचं दुसरं टोक धरायला हजर पाहिजे.